मला कुशीवर कर

मी हजर झाले त्या दिवशी साळवे सिस्टरांनी मला चहा विचारला नाही, गाव विचारलं नाही, माझ्या हातातली नेमणुकीची ऑर्डर तर बघितलीसुद्धा नाही. वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेवर त्या सरळ उताण्या झोपल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हं. आता मला फिट आली. काय करायलीस?"

मला वाटलं, बाई थट्टा करतात. शेजारच्या खाटेवरची म्हातारी मात्र सलाईन लावलेल्या हातानं मला खुणावत होती, जा, जा म्हणून. तिला हा खेळ ठाऊक असावा. मी पुढे झाले आणि नर्सिंगच्या शाळेत पाठ केलेलं सगळं विसरून आधी त्यांचे दोन्ही हात गच्च धरले.

"हात सोड," डोळे मिटूनच त्या म्हणाल्या. "मोडायचाय का माझा हात? झटके चालू असताना दाबून धरू नको. आजूबाजूचं लागण्यासारखं असंल ते सरकव. डोक्याखाली मऊ काही तरी घाल. घड्याळ बघ. आता मला कुशीवर कर. तसं न्हाई गं, पोतं लोटल्यावानी लोटायलीस की! आधी गुडघा वाकव. खांदा धर. हं. तोंड खाली कलंडलं का? लाळ बाहेर पडली पाहिजे. आणि तोंडात काय घालणार?"

"काही नाही."

"चमचा?"

"नाही."

"पाणी?"

"नाही."

"मग पास हायस," म्हणून त्या उठल्या, केस सारखे केले. "मला फेफरं हाय. लहानपणापासून. गोळ्या चालू हायत, तरी वर्षाकाठी एखादं येतंच. माझ्यासंगं काम करायचं म्हणजे तुला हे यायला पाहिजे. चल, आता चहा घेऊ."

आमचं रुग्णालय तालुक्याच्या गावी, येलदरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तिथं जो कोणी नवीन येई त्याला ही परीक्षा चुकत नसे. झाडणारी मावशी असो, लॅबवाला असो, ड्रायव्हर असो. ड्रायव्हर गडी माणूस, बाईमाणसाला हात कसा लावावा म्हणून घुटमळायला लागला, तर त्याला म्हणाल्या, "मी पडल्यावर काय बायको आणायला घरी जाणार हायस? कर की!" एकदा नवे डॉक्टर आले, शहरातले, चांगले हुशार. त्यांनी अगदी रीतसर करून दाखवलं. सिस्टर उठून बसल्या आणि म्हणाल्या, "बरंय. डॉक्टरबी पास." डॉक्टरांना पुढे आठवडाभर जो भेटेल तो पास झाल्याबद्दल पेढे मागत होता.

फेफरं हा शब्द आमच्याकडे कुणी मोठ्यानं बोलत नाही. चक्कर आली म्हणतात, आकडी आली म्हणतात, शिकलेले लोक 'थोडा प्रॉब्लेम आहे' म्हणतात. साळवे सिस्टर तो शब्द भाजीचं नाव घ्यावं तसा घेत. त्याचं कारण त्यांनीच मला सांगितलं, पट्ट्या गुंडाळता गुंडाळता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी अशा आवाजात. लग्नात त्यांच्या आईनं हे लपवलं होतं. गोळ्या हळदीच्या डब्यात दडवून दिल्या होत्या. सासरी कुणी बघेल म्हणून सिस्टर त्या खायच्याच टाळायला लागल्या आणि व्हायचं तेच झालं. सासऱ्यानं ट्रंकेसकट परत माहेरी, पिंगळीला आणून सोडलं.

"फेफऱ्यासाठी न्हाई, लपवल्यासाठी सोडायलाव, असं म्हणाले ते," सिस्टर म्हणाल्या. "खरं-खोटं त्यांच्या जिवाला ठाऊक. पण तसं बोलायला जागा आमीच दिली ना? तवापासून ठरवलं, पयल्याच दिवशी सांगून टाकायचं. पुढच्याला पळायचं असंल तर पळू द्या."

पुढे त्या नर्स झाल्या. भावांनी दुसऱ्या लग्नाचं काढलं तेव्हा म्हणे त्यांनी आलेल्या पाहुण्यालाच सतरंजीवर झोपून दाखवलं. पाहुणा पळाला. हे सांगताना त्या इतक्या हसल्या की गुंडाळलेली पट्टी हातातून सुटून पार दारापर्यंत गेली.

रात्रपाळी त्यांना चालत नसे, जागरण झालं की फिट ठरलेली. त्याबदल्यात सगळ्या सणांच्या ड्युट्या त्या घेत. आम्ही घरी पुरणपोळ्या लाटत असू, त्या वॉर्डात. गाडी कधी शिकल्या नाहीत. "मी गाडीवर असताना आली तर मी मरन, आणि संगं कुणाला तरी घेऊन मरन," असं सरळ सांगत. फिट येण्याआधी त्यांना दूध करपल्याचा वास यायचा. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काम करता करता त्या मध्येच थांबून नाक वर करायच्या, "दूध करपायलंय का गं कुठं?" की आम्ही हातातलं टाकून उशी आणायला धावायचो. त्या निमूटपणे जमिनीवर बसायच्या.

एकदा मात्र समोरच्या हॉटेलवाल्याचं पातेलंच लागलं. सिस्टरांनी विचारलं, दूध करपायलंय का. मावशी उशी घेऊन आली, ड्रायव्हर आला, ओपीडीतले दोन पेशंटसुद्धा उठून आले. सिस्टर सगळ्यांच्या मधोमध जमिनीवर बसलेल्या. तेवढ्यात मी म्हणाले, "सिस्टर, मलाही वास येतोय." मग मावशीलाही यायला लागला. मग सगळ्यांनाच. सिस्टर उठल्या, साडी झटकली आणि रस्ता ओलांडून त्या हॉटेलवाल्याला असं काही झापलं की तो पुढे दूध तापवताना स्टुलावरून हलत नसे.

डोकेदुखीवाल्यांवर मात्र त्या चिडत, म्हणजे त्यांच्या सांगण्यावर. आमच्याकडे माणूस डोक्याला दस्ती आवळून येतो, कपाळभर बाम, आणि एवढंच म्हणतो, "डोकं दुखायलंय."

"डोकं सगळ्यांचंच दुखायलंय," सिस्टर म्हणत. "माझंबी दुखायलंय. कुठून दुखतं ते सांगा. अर्धं का सगळं? हळूहळू चढलं का एकदम टोला हाणल्यावानी आलं? उलटी झाली? उजेड सोसतो का? मान खाली वाकती का? कापसावर फवारणी केली का काल?" माणूस कंटाळून जाई, पण सांगे. यातल्या कशावर डॉक्टरांना लगेच हाक मारायची आणि कशावर जेवून, पाणी पिऊन, अंधारात पडायला सांगायचं, हे मी त्यांच्याशेजारी उभी राहून शिकले. एकदा दिवस भरत आलेली एक बाई बाकावर बसली होती. सासू म्हणाली, उन्हातून आली, दृष्ट लागली, डोकं धरलंय. सिस्टर नेहमीचे प्रश्न विचारायला थांबल्याच नाहीत. खाली बसून तिच्या पायावर अंगठा दाबला, खड्डा पडला तो भरेना. "डोळ्यांपुढं धूसर दिसायलंय का, बाई?" ती हो म्हणाली, तशी बीपीची पट्टी दंडाला आणि हाक डॉक्टरांना, दोन्ही एकदमच. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, परभणीला गाडी गेली. झटके यायच्या आतच ती बाई पोचली, बाळासकट वाचली. "गरोदर बाई डोकं दुखायलंय म्हणाली ना," सिस्टर मला म्हणाल्या, "तर तिला बसवून ठेवायचं न्हाई. रांगेत तर मुळीच न्हाई."

आणि फिट येऊन गेलेल्या पेशंटला त्या काही विचारत नसत. "त्याला काय ठाऊक? तो तर नव्हताच तिथं," म्हणत. नातेवाइकांकडे वळून विचारत, "कोणी बघितलं?" ज्यानं बघितलं त्याला पुढे घेत आणि म्हणत, "सांगू नका. करून दाखवा." मग आमच्या ओपीडीत नव्वार नेसलेल्या आजीबाई मान वाकडी करून, डोळे फिरवून, डावा हात झाडून दाखवत. डॉक्टर गंभीरपणे लिहून घेत. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहायची, कारण मला हसू आवरत नसे.

आता वैशालीचं सांगते. येलदरीच्या अलीकडच्या गावातले दत्तराव, त्यांची ही एकुलती एक. आठवीत शाळेत पडली तेव्हापासून आमच्याकडची. सिस्टरांनी तिला धाक घालून, लाड करून गोळ्यांची सवय लावली होती. तिची फिट थांबून काही वर्षं झाली होती. अंगानं भरली, बारावी झाली, आणि तिला राणीसावरगावचं स्थळ आलं. चांगलं होतं. मुलगा ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करायचा, थोडी जमीन, सासू सोजरबाई, एक धाकटी नणंद.

लग्नाच्या आधी दत्तराव दवाखान्यात आले आणि बाजूला घेऊन सिस्टरांना म्हणाले, "पाहुणे चौकशी करतील. तुमी फकस्त ओळखत न्हाई म्हणा."

"मी पेशंटचं कुणाला सांगत नसते," सिस्टर म्हणाल्या. "सांगायचं काम तिचं हाय. पण दत्तराव, सांगून टाका. माझं काय झालं ते तुमाला ठाऊक हाय."

"लग्न झाल्यावर जातं म्हणतात की हे."

"माझं गेलं का?"

दत्तराव दस्तीनं तोंड पुसायला लागले. सिस्टर म्हणाल्या, "बरं, सांगू नका. पण गोळी एक दिवसबी बंद करू नका. तेवढा शब्द द्या मला." त्यांनी गळ्याला हात लावून शब्द दिला.

हळदीला आम्हा दोघींना बोलावणं होतं. माझ्या स्कूटीवर गेलो. सिस्टरांनी नवी कोरी मोतिया रंगाची साडी नेसली होती आणि वाटभर धुळीबद्दल मला बोलत होत्या. मांडवात पोचलो तर वैशाली आत कपाळ धरून बसलेली. आदल्या रात्री मेंदीनं जागरण, सकाळपासून उपास, आणि दाराशीच बँड.

"डोकं लय जड झालंय, सिस्टर," ती म्हणाली.

"गोळी घेतलीस का?"

वैशालीनं बापाकडे बघितलं. दत्तराव म्हणाले, "घेतली, घेतली." सिस्टरांनी पुन्हा तिलाच विचारलं. ती खाली बघून बांगड्या फिरवत राहिली. नंतर कळलं ते असं: पाहुण्यांच्या बायका नवरीची बॅग उघडून बघतात, म्हणून गोळ्या घरातून काढूनच टाकल्या होत्या. सिस्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला फोन करून ठेव. लागंल."

नवरदेवाकडची उष्टी हळद घेऊन बायका आल्या. सोजरबाई पुढे. वैशालीला पाटावर बसवलं, गाणी सुरू झाली, गालाला हळद लागली, आणि तिची मान एका बाजूला वळायला लागली. वळतच राहिली. मग ती पाटावरून खाली आली.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. एक जण चप्पल घेऊन धावला, एकीनं कांदा फोडला, मामानं चमचा आणला. साळवे सिस्टर कधी पळत नसत, तेव्हाही पळाल्या नाहीत. चालत गेल्या, पाट बाजूला सारला, आपला रुमाल तिच्या डोक्याखाली घातला, मनगटावरचं घड्याळ बघितलं. "बँड बंद करा. सरका, वारा येऊ द्या. तो चमचा श्रीखंडात ठेवा. चप्पल पायात घाला." झटके ओसरले तसं त्यांनी तिला कुशीवर केलं. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी लागली नाही. पोर गाढ झोपली. हळदीनं माखलेली, तोंडाशी फेस, आणि मांडव असा गप्प की चुलीवरचा भात शिजताना ऐकू येत होता.

"उपाशी होती हो," दत्तराव म्हणाले. "चक्कर आली."

सोजरबाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. "सिस्टर," त्या म्हणाल्या, "तुमी दवाखान्यातल्या. तुमी सांगा. हे काय हाय?"

दत्तरावांनी सोजरबाईंच्या पाठीमागून हात जोडले. मी त्यांच्या जागी उभी राहून विचार केला तर मलाही जोडावेसे वाटले असते. चक्कर, एवढा एक शब्द, आणि लग्न लागलं असतं. आणि खरं सांगावं तर ते सांगणं सिस्टरांचं नव्हतं.

सिस्टर म्हणाल्या, "तिचं तिलाच विचारा. उठंल थोड्या वेळानं. डोकं ठणकत असंल तिचं, जरा दमानं विचारा. माझं विचाराल तर सांगते. मला फेफरं हाय."

मांडवातल्या बायांनी तोंडाला पदर लावले. सिस्टर तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या नव्या साडीनिशी हळदीच्या पाण्यानं ओल्या झालेल्या चटईवर सरळ आडव्या झाल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "सून कुणाचीबी आणा, सोजरबाई, पण हे यायला पाहिजे. मला कुशीवर करा."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. लोकाच्या हळदीत हे काय चालवलंय! सोजरबाई उभ्याच. बराच वेळ उभ्या. मग खाली बसल्या. सिस्टरांचा गुडघा वाकवला, खांदा धरला, कुशीवर घेतलं. आणि आपल्या पदराची घडी करून ती हळूच त्यांच्या डोक्याखाली सरकवली. कुणी सांगितलं नव्हतं.

वैशाली उठली. आधी तिला कुणी ओळखूच येईना. मग सोजरबाई तिच्याजवळ बसून हळू आवाजात काही तरी बोलल्या. वैशालीनं बापाकडे बघितलं, मग मान फिरवून म्हणाली, "हो. आठवीपासून. गोळ्या होत्या, घरच्यांनी बंद केल्या." सोजरबाईंनी हळदीचं ताट उचललं. नवरदेवाकडच्यांचा टेम्पो निघून गेला, लग्न मोडलं.

"एक शब्द फकस्त बोलायचा होता तुमी," दत्तराव सिस्टरांना म्हणाले. 

"मी तुमच्या पोरीबद्दल काहीच बोलले न्हाई, दत्तराव."

"तेच तर. गप बसून बोललाव तुमी."

परत येताना सिस्टर स्कूटीवर मागे बसून साडीवरची हळद चोळत होत्या. मीच चिडून म्हणाले, "झोपायची काय गरज होती तिथं?"  गाव जवळ आल्यावर म्हणाल्या, "त्या बाईनं याच्या आधी कुणाला तरी कुशीवर केलेलं हाय." साडीचा हळदीचा डाग शेवटपर्यंत गेला नाही. त्यांनी साडीही टाकली नाही, तशीच नेसून यायच्या.

त्यानंतर वैशाली आमच्याकडे यायची बंद झाली. दत्तराव गोळ्या दुसरीकडून न्यायला लागले. रस्त्यात दिसले तर सिस्टरांकडे पाठ करून उभे राहत. आणि मग एक दिवस ओपीडीच्या रांगेत सोजरबाई दिसल्या. सोबत एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, तोंड ओढणीत गुंडाळलेली. राणीसावरगाव ते आमचं गाव म्हणजे जिल्ह्याचं हे टोक ते ते टोक. जवळच्या गंगाखेडला दाखवलं असतं तर गावात खबर गेली असती.

सिस्टरांनी ओळख दाखवली नाही. फक्त विचारलं, "कोणी बघितलं?"

"मीच. दुसऱ्या कुणाला बघू दिलं न्हाई."

"करून दाखवा."

सोजरबाईंनी करून दाखवलं. ओठ चाटल्यासारखे केले, उजव्या हातानं पदर चिवडला, नजर एका जागी लावली, मग हात ताठ केला. मी त्या दिवशी खिडकीकडे वळले नाही, कारण हसू येण्यासारखं काही नव्हतं. मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचं नाव मंगल, सोजरबाईंची धाकटी. सगळं करून झाल्यावर सोजरबाई बाकावर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. "सिस्टर, त्या पोरीत खोट होती म्हणून न्हाई वो मोडलं. एकीचं लपवता लपवता माझा जीव जायलाय. दुसरीचं कसं लपवू?"

"एकीचं लपवायचं सोडा की," सिस्टर म्हणाल्या. "मग दुसरीचं लपवावं लागत न्हाई."

डॉक्टरांनी मंगलला परभणीच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. उन्हाळा सरता सरता सोजरबाई स्वतः दत्तरावांच्या दारात गेल्या आणि मुलगी मागितली. नवऱ्या मुलाला, घरात बहीण असल्यामुळे, यातलं काही नवीन नव्हतं. लग्न लागलं, थोडक्या माणसांत. आम्हाला बोलावणं नव्हतं. मी म्हणाले, दत्तरावांनी निदान आता तरी राग सोडायचा. सिस्टर म्हणाल्या, "राहू दे. पोरगी नांदायलीय ना? मग बापाला राग कुठं तरी ठेवायला जागा पाहिजे की."

वैशाली पुढे मंगलला घेऊन यायची. जेवण झालं की नणंद-भावजय ओट्यावर बसून एकदमच गोळ्या घेतात, हे तिनंच सांगितलं. एकीनं घेतली नाही तर दुसरी तिला ओट्यावरून उठू देत नाही. सिस्टरांना हे इतकं आवडलं की त्या नव्या पेशंटना त्यांचं नाव न घेता सांगत, जोडीदार बघा, गोळी विसरायची नाही.

सिस्टर निवृत्त झाल्या आणि पिंगळीला भावाच्या घरामागच्या खोलीत राहायला गेल्या. मला अधूनमधून फोन करून ओरडत, नवीन पोरींना शिकवायलीस का न्हाई म्हणून. शेजारच्या सगळ्या घरांना त्यांनी पास करून ठेवलं होतं, किराणा दुकानदारालाही. त्या गेल्या त्या दिवशी भावाच्या घरची माणसं लग्नाला गेली होती. सकाळची वेळ होती. शेजारणीला दूध करपल्याचा वास आला. खरोखरचा. वास थांबेना म्हणून ती बघायला आली, तर गॅस चालू, पातेलं काळं, आणि सिस्टर ओट्याखाली पालथ्या. शेजारीण पास झालेली होती, तिनं त्यांना लगेच कुशीवर घेतलं. पण उशीर झाला होता.

तो वास दुधाचा की फिटचा, हे त्यांना त्या दिवशी कळलं का, मला माहीत नाही. मी फोनवर शेजारणीला सवयीनं विचारलं, "कोणी बघितलं?" ती म्हणाली, कुणीच नाही. मग मला रडू कोसळलं. एरवी मी रडणारी बाई नाही.

सिस्टरांच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, पिंगळीला गेले. अंगणात सतरंज्या, पांढऱ्या साड्या, बुद्धवंदना. माणसं किती तरी होती, आणि निम्म्याहून जास्त आमच्या दवाखान्यातून कधी ना कधी गेलेली. सोजरबाई आल्या होत्या, वैशाली आणि मंगल आल्या होत्या. वंदना झाल्यावर बघते तर बाहेर लिंबाच्या झाडाखाली दत्तराव उभे. आत यावं की नाही, असे. मी जाऊन त्यांना घेऊन आले. ते वैशालीच्या बाजूलाच बसले आणि मला विचारलं, "कशा गेल्या?"

मी सांगितलं.

"कुणीच नव्हतं जवळ?"

"कुणीच नव्हतं."

ते सतरंजीची दशी ओढत बसले. मग मला म्हणाले, "मी होतो ना, तवाबी नव्हतो. हिला आठवी-नववीत यायची तर हिची माय करायची सगळं. मी बाहेर जाऊन उभा राहायचो. हळदीलाबी नुसते हात जोडून उभा. येत न्हाई मला, सिस्टर. एकदाबी केलेलं न्हाई."

 वैशालीनं ते ऐकलं होतं. तिनं हातातला पाण्याचा पेला मंगलकडे दिला, आणि पाहुण्यांनी भरलेल्या त्या अंगणात, पांढऱ्या साडीत, ती सतरंजीवर सरळ आडवी झाली. डोळे मिटले.

"अण्णा," ती म्हणाली, "मला कुशीवर करा."

 दत्तरावांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, आधी गुडघा. त्यांनी गुडघा वाकवला. मग खांदा. त्यांनी तिला नीट कुशीवर घेतलं, तोंड खाली कललं का ते वाकून बघितलं, आणि मग गळ्यातली दस्ती काढून, तिची घडी करून, पोरीच्या डोक्याखाली घातली.

थोडा वेळ गेला. वैशाली डोळे मिटूनच म्हणाली, "अण्णा, उठू का आता?"

दत्तरावांचा हात तिच्या खांद्यावरच होता. "थांब जरा," ते म्हणाले.